पुनर्विकासाच्या सभेला साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर: ठाण्यातला अनुभव, सरकारी सोयींसह

माझ्या माहेरची पाचपाखाडीतली इमारत पुनर्विकासाला चालली आहे. घर दादा आणि वहिनीच्या नावावर आहे आणि दोघंही कर्णबधिर आहेत. बिल्डर निवडायच्या विशेष सर्वसाधारण सभेला आम्ही पहिल्यांदाच भारतीय सांकेतिक भाषेची प्रशिक्षित इंटरप्रिटर बोलावली. ती सेवा कशी मिळाली, किती पैसे पडले, सरकारने दिलेला शब्दकोश आणि अ‍ॅप कुठपर्यंत कामी येतात आणि कुठे हात टेकतात, हे सविस्तर लिहिते आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात अशी अनेक घरं आहेत आणि त्यांना ही माहिती कुणी आपणहून देत नाही.

आधी निकाल सांगते. प्रत्यक्ष समोर बसलेली इंटरप्रिटर: पाचपैकी पाच. सरकारी शब्दकोश आणि अ‍ॅप: शिकण्यासाठी पाचपैकी चार, व्यवहारासाठी नाही. व्हिडिओ कॉलवरचा इंटरप्रिटर: अडीच. सरकारी काउंटरवरची सोय: गुण द्यायला ती आधी असायला हवी.

दादा बावन्न वर्षांचा आहे. वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्यात बाइंडिंगला असतो. त्याच्या लहानपणी शाळेत हातांनी बोलू देत नसत, ओठ वाचायचे आणि घशातून आवाज काढायचा हेच शिक्षण. खुणा तो मधल्या सुट्टीत मोठ्या मुलांकडून शिकला. त्यामुळे त्याचं मराठी वाचन बेताचं आहे, पण सांकेतिक भाषेत तो फार पटापट आणि नेमकं बोलतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘लिहून दाखवा की, वाचतील’ असं लोकांना सर्रास वाटतं. लिहून दाखवलेला बावीस पानी करारनामा ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही. मी वाशीला एका सीएच्या ऑफिसात आहे, रोज करारनामेच वाचते, तरी मला दोनदा वाचावा लागला.

बाबा होते तोवर दादाच्या वतीने तेच सभेला जायचे. घरी येऊन एकच खूण करायचे, सही कर. त्यात प्रेमाची कमी नव्हती. घरच्या माणसाला नेहमी घाई असते आणि दोन तासांची चर्चा तो दोन वाक्यांत आणतो. त्या दोन वाक्यांत काय ठेवायचं हे तो ठरवतो, ज्याचं घर आहे तो नाही.

इंटरप्रिटर शोधताना आम्ही वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेतून सुरुवात केली. ही केंद्र सरकारची वाक् आणि श्रवण अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था, १९८३ पासूनची. तिथे सांकेतिक भाषेच्या दुभाषणाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. तो पूर्ण केलेल्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. तिथे शिकलेल्या एका मुलीचा नंबर दादाच्याच मित्रांच्या ग्रुपवर मिळाला. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ‘विषय काय आहे, कागद आधी मिळतील का?’ हे तिने विचारलं तेव्हाच मला धीर आला. कागद दोन दिवस आधी पाठवले. मानधन दोन तासांचे अडीच हजार आणि कल्याणहून येण्याजाण्याचा खर्च वेगळा. एवढ्या कामाला मला हे रास्त वाटलं. छापखान्यात काम करणाऱ्या माणसाने दर सभेला ते खिशातून द्यावं, हे मात्र रास्त नाही. त्यावर पुढे लिहिते.

सभा गच्चीवर, मंडप घालून. ती अर्धा तास आधी आली आणि पहिलं काम केलं ते खुर्च्या हलवण्याचं. आम्ही दादा-वहिनीला मान म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि तिची खुर्ची त्यांच्या शेजारी ठेवली होती. तिने स्वतःची खुर्ची उचलून बोलणाऱ्यांच्या बाजूला, दादाच्या समोर नेली. म्हणजे दादाला एकाच नजरेत ती आणि बोलणारा दोघंही दिसतील. मग ट्यूबलाइट पाठीमागे येते आहे म्हणून पुन्हा जागा बदलली, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, आणि या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. अंगात साधा गडद निळा कुर्ता, नक्षी नाही, हातात बांगड्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, ‘हात नीट उठून दिसले पाहिजेत, ताई.’

सभा सुरू झाली. सोसायटीच्या प्रकल्प सल्लागारांना भराभर बोलायची सवय. ‘कॉर्पस’ हा शब्द आला. तिने तो बोटांनी अक्षर अक्षर करून दाखवला. आपल्या सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात, ओ साठी एका हाताच्या अनामिकेचं टोक दाखवायचं, यू साठी करंगळीचं. दादाने मान हलवली, म्हणजे कळलं नाही. आता तिला कॉर्पस म्हणजे काय ते माहीत होतं, तिने कागद वाचले होते. तरी ती मनाने समजावायला गेली नाही. हात वर करून सल्लागारांना थांबवलं आणि म्हणाली, ‘सर, सभासदांना ही संज्ञा समजलेली नाही. तुम्ही सांगा, मी पोचवते.’ सल्लागारांनी सांगितलं: बिल्डर प्रत्येक सभासदाला एकदाच देणार ती रक्कम, भाड्यापेक्षा वेगळी, परत करायची नाही. तिने तेवढंच पोचवलं. तेव्हा मागच्या रांगेतले दोन आजोबा म्हणाले, ‘हां, असं आहे होय.’ त्यांनाही इतके दिवस कळलं नव्हतं.

चांगली इंटरप्रिटर म्हणजे काय ते मला त्या एका क्षणात समजलं. ती सल्ला देत नाही, गाळत नाही, स्वतःची भर घालत नाही. बोलणारा चिडला तर चिडलेलं पोचवते. एका सभासदाने ‘यांच्यामुळे वेळ जातोय’ असं पुटपुटलं, तेही तिने हातांनी दादाला सांगितलं. मला क्षणभर वाटलं, कशाला सांगितलं. पण दादाला ते कळण्याचा हक्क होताच. दादाने लगेच उत्तर दिलं आणि तिने ते ‘मी’ म्हणूनच मोठ्याने बोलून दाखवलं: ‘माझं घर चारशे दहा चौरस फुटांचं आहे. मलाही वेळ लागेल.’ गच्ची गप्प झाली. इतक्या वर्षांत त्या इमारतीने दादाचं पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

मग त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. भाडं किती महिन्यांचं आगाऊ? ताबा लांबला तर पुढचं भाडं कोण देणार? बिल्डर अर्ध्यात गेला तर? या शेवटच्या प्रश्नावर सल्लागारांनी बँक हमीचं सांगितलं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची हमी बिल्डरकडून घ्यायची तरतूद आहे. आमच्या कराराच्या मसुद्यात ती मोघम लिहिली होती. ती स्पष्ट करून घ्यायचं त्या प्रश्नामुळे ठरलं.

वहिनीचा प्रश्न तर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. नव्या इमारतीत आगीचा भोंगा वाजेल तो आम्हाला कसा कळणार? तिला प्रत्येक खोलीत लुकलुकणारा दिवा हवा होता, भोंग्याला जोडलेला, आणि दाराच्या बेललाही तसाच. आत्ताच्या घरात बेलला दिव्याची जोडणी दादाने स्वतः केली आहे, पण ती फक्त बाहेरच्या खोलीत. वायरिंग भिंतीत जाण्याआधी सांगितलं तर हे काम फार खर्चाचं नाही, असं बिल्डरच्या माणसाने तिथेच कबूल केलं आणि इतिवृत्तात ते नोंदवलं. दुभाषी नसती तर हा मुद्दा रंगकाम झाल्यावर निघाला असता.

दोन उणिवा सांगते. पहिली, एकच इंटरप्रिटर बोलावली. सलग दुभाषण करताना वीस-पंचवीस मिनिटांनी मेंदू आणि हात दोन्ही थकतात, म्हणून लांबच्या सभेला दोघं लागतात आणि आलटून पालटून करतात. दीड तासानंतर तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता आणि चार जण एकदम बोलायला लागले की तिला मागे राहावं लागत होतं. अध्यक्षांनी सुरुवातीलाच ‘एका वेळी एकानेच बोला’ असा नियम करावा. तो सगळ्यांच्याच भल्याचा आहे. दुसरी उणीव जास्त गंभीर. त्याच शासन निर्णयानुसार या सभेचं चित्रीकरण करावं लागतं. चित्रीकरण झालं, पण कॅमेरा बोलणाऱ्यांवर होता. दादाचे आणि इंटरप्रिटरचे हात त्यात नाहीतच. म्हणजे उद्या वाद झाला तर दादा काय बोलला याचा पुरावा फक्त तिच्या आवाजात आहे. न बोलू शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष नोंदवताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचं चित्रीकरण करायचं, असं आपला साक्ष कायदा सांगतो. तीच समज सोसायटीच्या कॅमेऱ्याला का नसावी? एक जादा मोबाइल स्टँडवर लावला असता तरी भागलं असतं. पुढच्या सभेला आम्ही लावणार आहोत.

आता सरकारी शब्दकोश आणि अ‍ॅप. दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ ला तीन हजार शब्दांची होती, २०१९ ला सहा हजार झाले आणि २०२१ ला दहा हजार. रोजचे शब्द आहेत, कायद्याचे, वैद्यकीय, शेतीचे, तांत्रिक, प्रशासकीयही आहेत. २०२२ मध्ये त्यावरच ‘साइन लर्न’ हे मोफत अ‍ॅप आलं. शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधायचा, की तो संकेत करून दाखवणारा छोटा व्हिडिओ येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताही येतो. २०२३ मध्ये बँक आणि पैशांच्या व्यवहारातल्या अडीचशेहून जास्त संज्ञांचे संकेतही ठरवले गेले.

मी हे अ‍ॅप मनापासून वापरते. ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जाताना चार-पाच शब्द बघून जाते आणि वहिनीसमोर करून दाखवते. ती हसत माझी बोटं धरून वळवते. व्हिडिओ स्वच्छ आहेत, पार्श्वभूमी साधी, हाताची हालचाल नीट दिसते. घरात कर्णबधिर मूल जन्मलेल्या प्रत्येक आईबापाने, आजी-आजोबांनी हे आजच फोनमध्ये घ्यावं असं मला वाटतं. दादाच्या लहानपणी आईला असं काही मिळालं असतं तर आई-मुलाचं बोलणं ‘जेवलास का, झोप, ये’ यापुढे गेलं असतं.

पण दहा हजार शब्द म्हणजे संभाषण नव्हे. या भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी सांगतात, नकार आणि प्रश्नाचा शब्द बहुधा शेवटी येतो, हो-नाहीचा प्रश्न भुवया वर करून विचारतात. मराठी वाक्याचे शब्द एकेक शोधून ओळीने करून दाखवले तर दादाला ते तुटक लागतं. शिवाय दादाच्या पिढीचे मुंबई-ठाण्याकडचे काही संकेत शब्दकोशातल्यापेक्षा वेगळे आहेत. वहिनी सोलापूरची, तिचे आणखी वेगळे. प्रशिक्षित इंटरप्रिटर हे चटकन ओळखते आणि त्यांच्या पद्धतीवर येते. अ‍ॅपला ते जमणार नाही आणि ते त्याचं कामही नाही. माझी तक्रार अ‍ॅपबद्दल नाही. ऑफिसातले लोक अ‍ॅपकडे बोट दाखवून मोकळे होतात, त्यांच्याबद्दल आहे.

हे का एवढं लागून राहिलं आहे ते सांगते. गेल्या वर्षी वहिनीला पोटाचा त्रास सुरू झाला. एका दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि तिच्या मुलीला, माझ्या भाचीला, समोर बसवून सांगितलं की आईला सांग, गर्भाशय काढावं लागेल. भाची चौदा वर्षांची. तिला ऐकू येतं, म्हणून लहानपणापासून तीच घरची दुभाषी: दूधवाला, गॅसवाला, बँक, शाळेची पालकसभासुद्धा. पण हे वाक्य तिने आईला कसं सांगायचं? तिने हातांनी ‘ऑपरेशन’ एवढंच केलं आणि रडायला लागली. वहिनीला वाटलं कॅन्सर. मी संध्याकाळी पोचेपर्यंत घरात चूल पेटली नव्हती. भाचीने मला मिठी मारून विचारलं, ‘आत्या, मी चुकीचं सांगितलं का?’

लेकराच्या हातून असलं काही वदवून घेऊ नये. इंटरप्रिटर गोपनीयता पाळायला बांधलेली असते, बाईच्या तपासणीला बाई इंटरप्रिटर मागता येते. दुसऱ्या मतासाठी गेलो तेव्हा आम्ही तीच सभेची मुलगी नेली. गोळी किती दिवस, जेवणाआधी की नंतर, रक्तस्राव किती झाला तर परत यायचं, सगळं वहिनीने स्वतः विचारलं. चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) असं लिहिलेलं असतं ते तिला आजवर कुणी समजावलंच नव्हतं. भाची त्या वेळी शाळेत होती, जिथे तिने असायला हवं.

व्हिडिओ कॉलवरचा इंटरप्रिटर आम्ही बँकेत वापरून पाहिला. तातडीला ठीक आहे. पण काउंटरवर फोन कुणी धरायचा इथपासून प्रश्न. काचेआडच्या बाईंनी धरला की हात अर्धे कापले जातात, दादाने धरला की त्याला एकाच हाताने बोलावं लागतं. रेंज गेली की चित्र गोठतं आणि नेमका ‘नाही’ हा शब्दच हरवतो. मोठा स्क्रीन, स्टँड आणि बरं वायफाय असेल तर ही सेवा पुष्कळ सुधारेल.

आता पैशांचं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात संवादाच्या व्याख्येत संकेतही आहेत. न्याय मागताना आपल्या पसंतीच्या भाषेत आणि माध्यमातून म्हणणं मांडता येईल अशी सोय सरकारने करायची आहे. कलम १३ मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा समान हक्क देतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी यांनी इंटरप्रिटरच्या मदतीने युक्तिवाद केला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातंही काढलं. एवढं सगळं असताना ठाण्यात दादा कुठल्याही सरकारी खिडकीसमोर उभा राहिला तर तिथे त्याची भाषा कळणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. श्रवणदोषाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत, एका सरकारी रुग्णालयात, त्याचं नाव मोठ्याने पुकारलं. तो समोर बसला होता. ऐकू येत नाही म्हणूनच आलेला माणूस, तो हाकेला कसा उठेल? त्याचा नंबर गेला आणि पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं. तिथे नंबर दाखवणारा साधा बोर्ड असता तरी पुरे होता.

महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून पाचपाखाडीच्या मुख्यालयात आठवड्यातले ठरावीक दिवस एक इंटरप्रिटर बसवावा आणि दवाखाना, नोंदणी कार्यालय, पोलीस ठाणं यांच्यासाठी आधी वेळ घेऊन बोलावता येईल अशी यादी करावी, ही माझी मागणी आहे. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करतं आहे. म्हणजे महापालिकेने मनावर घेतलं तर होतं, हे खाडीपलीकडे दिसतंच. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून जास्त लोक मोजले गेले आणि त्या मानाने नोंदणीकृत इंटरप्रिटर मूठभर आहेत. पगाराची जागाच नसेल तर मुलं-मुली हा अभ्यासक्रम कशाच्या भरवशावर करतील?

कुणाला इंटरप्रिटर बोलवायचा असेल तर अनुभवाने एवढं सांगते: पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. कागद आधी पाठवा. सभा तासाभराहून लांबणार असेल तर दोघांना बोलवा. कर्णबधिर माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघून बोला, ‘यांना सांगा’ असं इंटरप्रिटरला म्हणू नका. मानधन ठरल्या दिवशी द्या.

आमच्या सोसायटीच्या पुरतं एक झालं आहे. सेक्रेटरी काकांनी सभेनंतर स्वतःहून विषय काढला आणि दुभाषणाचा खर्च यापुढे सभेच्या खर्चात धरायचा ठराव मांडला. मंडप आणि चहाच्या खाली तिसरी ओळ. दोन सभासद विरोधात होते, बाकीच्यांनी हात वर केले, दादा-वहिनीनेही. पर्यायी जागेच्या कराराची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवसासाठी दोन इंटरप्रिटर आत्ताच ठरवून ठेवल्या आहेत आणि मसुदा दोघींना पोचला आहे.